मदत हवी आहे: सायकलच्या ट्यूबचे नी-पॅड शिलाईवरच फाटतात

स्केटिंगच्या सरावासाठी टाकाऊतून नी-पॅड बनवतोय. आत ईव्हीए फोमचे (चपलांच्या तळव्यात असतो तसा) 10 मिमीचे दोन थर, वर उभी चिरून सपाट केलेली सायकलची ब्युटाइल (कृत्रिम रबराची) ट्यूब, मागे जुन्या जीन्सचं कापड.

अडचण ट्यूबची. लेदरची 16 नंबर सुई आणि पॉलिएस्टर दोरा वापरूनही गुडघा वाकला की ट्यूब भोकांच्या रेषेवर उकलते, पोस्टाच्या तिकिटासारखी. टाका 2.5 वरून 4 मिमी केल्यावर बराच फरक पडला, पण कडेच्या वळणावर फाटतेच. नुसतं चिकटवूनही पाहिलं: आतली पावडर साबणाने धुतली, 80 नंबर सँडपेपरने घासलं, दोन्ही बाजूंना निओप्रीन काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्ह लावून 15 मिनिटांनी दाबलं. सपाट भागात पकड झकास, वाकणाऱ्या रेषेवर मात्र एका धुण्यात सुटतं. ट्यूब ताणते तेवढा फोम ताणत नाही, म्हणूनच असावं.

मशीन घरगुती, हीट-प्रेस नाही. पॅड धुता यायला हवा. रिव्हेट नकोत, पडल्यावर तेच टोचतात. (हेल्मेट असलं काही टाकाऊतून करायचं नाहीये, काळजी नसावी.)

ट्यूबच्या कडेला कापडी पट्टी चिकटवून शिलाई त्यातून घ्यावी, की ट्यूबचे तीन तुकडे करून वाकायच्या जागी फट ठेवावी? पट्टी लावायची तर सरळ की उरेब (कापडाच्या विणीला तिरकी कापलेली)?