‘कार्टूनला आवाज कोणीही द्यावा’ हे मत मला का मान्य नाही

ध्वनिवेडी

परवा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या स्पायडरमॅनवरच्या कार्टूनपटाविषयी बोलताना फलाट यांनी इथे लिहिले, की कार्टूनपटात आवाज कोणाचा आहे याने मुलांना काही फरक पडत नाही, ती चित्र बघतात, त्यामुळे हिंदी आणि पंजाबी आवृत्तीत पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडरमॅनच्या आवाजाचे काम क्रिकेटपटू शुभमन गिलला दिले, यात कुरकुर करण्यासारखे काही नाही. मी डबिंगसाठी हिंदी आणि मराठी संवाद लिहून पोट भरते, म्हणून त्यांच्या या दोन ओळींना सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

पवित्र येतो तो बढाया मारत येतो. केसांची तारीफ झाली की खोबरेल तेलाचा हवाला देतो, स्पायडरमॅन होणे किती सोपे आहे ते चित्रपटाचा नायक माइल्स याला ऐकवतो, आणि काही मिनिटांतच मुंबॅटन या मुंबई आणि मॅनहॅटन मिळून रचलेल्या त्याच्या कल्पित शहरातला पूल कोसळू लागतो, त्याची मैत्रीण गायत्री हिचे वडील इन्स्पेक्टर सिंग मृत्यूच्या दारात उभे राहतात आणि या मुलाची सगळी फुशारकी गळून पडते. हा बदल चेहऱ्यावर दाखवायला जागा फार थोडी आहे, कारण बहुतेक वेळ तो मुखवट्यात असतो. जे घडते ते आवाजात घडते. मूळ इंग्रजीत करण सोनी यांनी ते घडवले आहे. हिंदीत गिल यांचे शब्द स्वच्छ आहेत, उच्चार नेटके आहेत, पण बढाई आणि भीती मला तरी एकाच पट्टीत ऐकू आली.

ॲनिमेशनमध्ये आवाज आधी मुद्रित होतो आणि त्या आवाजाच्या चढउतारावर चित्रकार पात्राच्या भुवया, खांदे, ओठ हलवतात. डबिंगमध्ये सगळे उलटे होते. हालचाल ठरून गेलेली असते आणि कलाकाराला तिच्यात शिरायचे असते. पडद्यावर ओठ मिटले की त्या क्षणी प, ब किंवा म यावा म्हणून आम्ही वाक्य चार-चार वेळा मोडून लिहितो. संवाद झाले की कलाकाराने नुसते श्वास, धापा, उडी मारतानाचा हुंकार, पडतानाचा आवाज असे सगळे वेगळे द्यायचे असते, आणि दिवसभर हे काम केल्यावर संध्याकाळी घसा बसतो. एखाद्याने आयुष्यभर बॅट धरली म्हणून त्याला हे यावे, अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे. 2023 च्या आयपीएलमध्ये गिलने 890 धावा केल्या, अंतिम सामना संपतो न संपतो तोच चित्रपट लागला, आणि पोस्टरवर त्याचे नाव आले. ही निवड जाहिरातीसाठी झाली, हे उघड आहे. माझी तक्रार गिलविषयी नाही; आवाजाला अभिनय न मानणाऱ्यांविषयी आहे.

फलाट

आपल्या व्यवसायाविषयी आपल्याला वाटणारी आस्था मी समजू शकतो, पण तीच आस्था आपल्याला एकाच बाजूने बघायला लावते आहे. 2016 च्या हिंदी ‘जंगल बुक’मध्ये शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा होता, बल्लूचा इरफान खान यांचा, बघीराचा ओम पुरी यांचा. यांतला एकही माणूस डबिंगच्या खोलीत आयुष्य काढलेला नव्हता, तरी लोकांनी ते आवाज डोक्यावर घेतले. मग प्रसिद्ध माणसाने आवाज दिला की काम बिघडते, हा सिद्धांत कुठून आला?

शिवाय माझा नऊ वर्षांचा मुलगा केवळ गिलच्या नावाने हा चित्रपट बघायला तयार झाला. पहिला भाग त्याने पाहिलाही नव्हता. बाहेर आल्यावर तो माइल्सविषयी बोलत होता, गिलविषयी नाही. एका मुलाला चांगल्या चित्रपटापर्यंत नेले असेल, तर त्या जाहिरातीने आपले काय वाकडे केले?

ध्वनिवेडी

आपण दिलेली तिन्ही नावे नटांची आहेत, त्यामुळे आपले उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. नाना पाटेकर यांनी तर 1993 च्या सुमारास दूरदर्शनवर लागणाऱ्या जपानी ‘जंगल बुक’ मालिकेच्या हिंदी आवृत्तीतही शेरखानला आवाज दिला होता आणि तो आवाज ऐकून माझ्या पिढीची मुले उशीखाली डोके घालत असत. प्रसिद्धी असू नये असे मी म्हटलेले नाही. अभिनय असावा, एवढेच म्हटले आहे.

तारामंडळ

मला ध्वनिवेडी यांचे म्हणणे पटते, आणि यात एक भर घालावीशी वाटते. 2020 च्या ऑस्कर सोहळ्यात ‘फ्रोझन 2’चे गाणे, मूळ इंग्रजीत नायिका एल्साचा आवाज असलेल्या इडिना मेंझेल यांच्यासोबत, इतर भाषांतल्या नऊ एल्सांनी गायले: डॅनिश, जर्मन, जपानी, नॉर्वेजियन, पोलिश, रशियन, थाई आणि दोन प्रकारच्या स्पॅनिशमधल्या. त्या सगळ्या आपापल्या भाषेत त्या भूमिकेच्या आवाज म्हणून ओळखल्या जातात. भारतातली एकही नव्हती. आपल्याकडे हिंदीत एल्सा आणि ॲनासाठी प्रियांका आणि परिणीती चोप्रा यांना घेतले, कारण त्या चुलत बहिणी आहेत ही बातमी होण्यासारखी गोष्ट होती.

फलाट

त्या मंचावर कोणाला का बोलावले, हे आपल्यापैकी कोणालाही माहीत नाही. त्यावरून इथल्या निवडीवर निकाल देणे हा तर्क नव्हे.

बोरीबंदर

गिल बोलला काय किंवा आणखी कोणी बोलले काय, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. मूळ दुखणे वेगळेच आहे आणि त्याविषयी इथे एकाही व्यक्तीने अवाक्षर काढलेले नाही. हा चित्रपट भारतात दहा भाषांत आल्याची जाहिरात झाली, त्या दहांत मराठी होती. इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड, गुजराती, पंजाबी, बंगाली आणि मराठी. मी भाचीला घेऊन मराठी खेळ शोधला. आमच्या घराजवळच्या बहुपडदा चित्रपटगृहात हिंदीचे खेळ सकाळपासून रात्रीपर्यंत होते, मराठीचा एकही नव्हता. खिडकीवरच्या मुलाला विचारले, तर मराठीत हा चित्रपट आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. ज्या शहरावरून मुंबॅटन रचले, त्या शहराच्या भाषेत तो चित्रपट बघता येत नाही, आणि आपण क्रिकेटपटूच्या आवाजाची पट्टी मोजत बसलो आहोत.

उंबरठा

मराठी डबिंगच मुळात कोणाला हवे आहे? मुंबई-पुण्यातल्या मुलांना हिंदी कळते, इंग्रजी कळते. डब केलेले चित्रपट आले की मराठीत मुलांसाठी स्वतंत्र चित्रपट काढायची जी थोडीफार इच्छा शिल्लक आहे, तीही संपेल. 2015 मध्ये मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत संध्याकाळची वेळ मिळावी म्हणून सरकारला आदेश काढावा लागला आणि ओरड झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ती वेळ सैल करावी लागली. जी जागा भांडून मिळवली, ती हॉलिवूडच्या मराठी आवृत्तीला द्यायची का, याचे उत्तर बोरीबंदर यांनी द्यावे.

बोरीबंदर

उत्तर सरळ आहे. त्या दिवशी मला ज्या खेळाऐवजी मराठी खेळ हवा होता, तो हिंदीतल्या त्याच चित्रपटाचा होता. त्याने मराठी चित्रपटाची जागा घेतली नसती. एका खेळापुरती हिंदीची घेतली असती. आणि ‘कोणाला हवे आहे’ हा प्रश्न आपण आठ कोटी तीस लाख लोकांच्या भाषेविषयी विचारत आहात. 2011 च्या जनगणनेतला हा आकडा आहे, देशात तिसऱ्या क्रमांकाचा. ‘फ्रोझन 2’ नॉर्वेकडच्या उत्तर सामी या भाषेत डब झाला. ती भाषा बोलणारे वीस-पंचवीस हजार लोक आहेत. ‘मोआना’ 2017 मध्ये न्यूझीलंडच्या माओरी भाषेत आला. त्यांच्या मुलांना नॉर्वेजियन आणि इंग्रजी कळत नव्हते का?

उंबरठा

सामी आणि माओरी या भाषा मरू नयेत म्हणून ते केले गेले. मराठी मरणासन्न आहे, असे आपल्याला म्हणायचे असेल तर तसे स्पष्ट म्हणा. दरवेळी भाषेच्या नावाने गळा काढायचा आणि मराठी चित्रपटाचे तिकीट मात्र काढायचे नाही, ही सवय मला चांगली परिचयाची आहे.

बोरीबंदर

मी तिकीट काढतो की नाही, हे आपल्याला कोणी सांगितले? आपण मला ओळखत नाही. मुद्दा संपला की माणसावर घसरायचे, ही सवयही मला परिचयाची आहे. आपले हे वाक्य आपण मागे घ्यावे.

उंबरठा

वाक्य मागे घेतो. मत मागे घेत नाही.

पाटीपेन्सिल

मी पालघर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्याकडे प्रोजेक्टर आला तेव्हा पहिला चित्रपट म्हणून मी एक हिंदीत डब केलेला कार्टूनपट लावला होता. पहिलीतली मुले चित्र बघून हसली, पण पात्रे बसून बोलू लागली की वर्गात चुळबुळ सुरू व्हायची. मी मधे थांबवून मराठीत सांगू लागलो. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी माझे मराठी तिच्या शेजारच्या मुलाला वारलीत सांगत होती. वर्गातली निम्मी मुले घरी वारली बोलतात, शाळेत येऊन मराठी शिकतात आणि पडद्यावर त्यांना हिंदी भेटते.

म्हणून उंबरठा यांना माझे सांगणे आहे, की ‘मुलांना हिंदी कळते’ हे आपण पाहिलेल्या मुलांविषयी खरे असेल. आणि बोरीबंदर यांनाही सांगणे आहे, की सामीचे उदाहरण द्यायचे असेल तर महाराष्ट्रात त्याची बरोबरी वारलीशी, कोरकूशी किंवा गोंडीशी होते, मराठीशी नाही. मराठीला सरकार आहे, वर्तमानपत्रे आहेत, रंगभूमी आहे. मराठी आवृत्ती यावी असे मलाही वाटते, पण आमच्यावर अन्याय होतो असे म्हणताना आपण कोणाला मागे ठेवतो तेही बघावे.

बोरीबंदर

गुरुजी, आपले म्हणणे ऐकायला अवघड गेले, पण खोडून काढता येत नाही. मराठीचा आग्रह मात्र मी सोडणार नाही, कारण आपल्या वर्गातही तीच आधी पोहोचेल.

उंबरठा

पाटीपेन्सिल यांच्या वर्गाविषयी मला माहिती नव्हती. सहावी-सातवीपर्यंतच्या मुलांसाठी मराठी आवृत्ती असावी, एवढे मी मान्य करतो. पण माझी मूळ भीती कायम आहे. दोन तास वीस मिनिटांचा, पाच-सहा विश्वांत फिरणारा आणि शेवटी गोष्ट अर्धवट सोडून देणारा इतका देखणा चित्रपट आयता मराठीत मिळाला, तर त्याच्यापुढे कमी पैशांतला मराठी ॲनिमेशनपट कोण लावेल?

ध्वनिवेडी

चर्चा बरीच लांब गेली, आणि ती जिथे गेली तिथेच माझा मूळ मुद्दा उभा आहे, असे मला वाटते. उंबरठा विचारतात, मराठी ॲनिमेशनपट कोण लावेल. मी विचारते, त्यात बोलेल कोण? नट नाटकातून तयार होतो, गायक मैफलीतून तयार होतो. आवाजाचा नट डबिंगमधूनच तयार होतो, कारण दुसरीकडे त्याला शिकायला जागा नाही. हिंदीत सोनल कौशल यांनी लहानपणापासून अनेक वर्षे डोरेमॉनला आवाज दिला, आणि आज त्यांचा चेहरा न बघताही घराघरांतली मुले त्यांना ओळखतात. मराठीत अशी ओळख मिळवण्याइतके सलग काम कोणाला मिळते? दोन वर्षांतून एखादा चित्रपट येतो, चार दिवसांत मुद्रण उरकायचे असते, आणि जो मोकळा असेल त्याला बोलावले जाते. मी संवाद लिहिलेल्या एका मराठी आवृत्तीत मुख्य पात्राला आवाज देणाऱ्या मुलीचे नाव शेवटच्या नामावलीत आलेच नाही. ती आईला घेऊन दिवे लागेपर्यंत खुर्चीत बसून राहिली होती. त्यानंतर तिने हे काम सोडले आणि आता ती एका बँकेत आहे. तिच्याइतका बोलका आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही.

पोस्टरवर एका प्रसिद्ध नावासाठी जागा असते आणि नामावलीत तिच्यासाठी ओळ नसते, म्हणून मला गिलची निवड खटकली. मराठी आवृत्ती मागताना बोरीबंदर यांनी ही ओळही मागावी.

बोरीबंदर

मागतो. हे माझ्या लक्षातच आले नव्हते, कारण आम्ही नामावली सुरू झाली की उठतो.

फलाट

त्या मुलीची हकिकत वाईट आहे आणि तिच्याविषयी मला वाईट वाटते. तरीही एका हकिकतीवरून सगळा कायदा ठरत नाही, आणि माझा मुलगा गिलमुळेच चित्रपटगृहात आला, हे माझ्यासाठी तितकेच खरे आहे. मला एवढे मान्य आहे, की ‘कोणीही’ हा शब्द मी सैलपणे वापरला. तिसरा भाग येईल तेव्हा प्रत्येक भाषेतल्या पवित्रसाठी रीतसर चाचणी घ्यावी, त्यात क्रिकेटपटूंनाही बसू द्यावे, आणि जो उत्तम बोलेल त्याला घ्यावे. त्यात गिलच उतरला, तर आपण तक्रार करणार नाही ना?

ध्वनिवेडी

पूल कोसळण्याचा प्रसंग चाचणीला ठेवा, पडदा झाकून ऐकणाऱ्यांना निवडू द्या. त्यात गिल उतरला तर माझी काहीही तक्रार नाही, आणि तसे मी इथेच येऊन लिहीन.

तारामंडळ

चाचणी मराठीसाठीही घ्यावी लागेल, आणि त्यासाठी मराठी आवृत्ती आधी निघावी लागेल. ती निघाली, की पहिल्या आठवड्यात कोणत्या गावात कोणत्या वेळेला खेळ आहेत, ते प्रत्येकाने इथे लिहावे. पाटीपेन्सिल, आपल्या तालुक्याला सर्वांत जवळचे चित्रपटगृह कुठे आहे?

पाटीपेन्सिल

विक्रमगडहून सांगायचे तर पालघर किंवा बोईसर गाठावे लागते. एसटीने जाऊन-येऊन मुलांचा पूर्ण दिवस जातो, त्यामुळे खेळ सकाळचा असेल तरच उपयोग.