सगळं कायद्यात बसतंय, मग कंपनीची जबाबदारी संपली का?

प्रेसशॉप_चाकण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून टाकतोय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रेस शॉपला लाइन सुपरवायझर आहे, अकरा वर्षं झाली. कंपनी वाईट नाही हे आधीच सांगतो. पगार वेळेवर, पीएफ भरलेला, ओव्हरटाइम डबल, कधीही इन्स्पेक्टर येऊ दे फाइल ओके असते.

आमच्या लाइनवर अप्रेंटिस पोरं असतात. आयटीआय झालेली, बरीचशी मराठवाडा विदर्भाकडची, चौघं मिळून एका खोलीत राहतात. वर्षभर स्टायपेंड मिळतो आणि कायद्याने ती कामगार नाहीत, शिकाऊ आहेत. पहिले दोन महिने खरंच शिकतात, पुढचे दहा महिने मात्र परमनंट माणूस करतो तेच काम त्याच मशीनवर तेवढ्याच टार्गेटला करतात. वर्ष संपलं की सर्टिफिकेट हातात, आणि सोमवारी नवी बॅच.

गेल्या महिन्यात उदगीरकडचा एक पोरगा सुटला. असा हात मी फार कमी बघितलेत. प्रेसच्या आवाजावरून सांगायचा की सर पंच (पत्रा कापणारं हत्यार) बोथट होत आलाय, आता बर (पीसच्या कडेला राहणारी खरखरीत धार) येणार, आणि पुढच्या पाचपन्नास पीसमध्ये यायचाच. शेवटच्या दिवशी लॉकर रिकामा करताना मी सहज शेजारी उभा होतो. लॉकरच्या दाराला आतून मार्करने नावं लिहिलेली, चार, एकाखाली एक, वरची तीन खोडलेली. चौथं याचं. त्याने स्वतःच पेन मागून घेतला आणि आपलं नाव खोडलं. मग म्हणाला, सर पुढच्या बॅचला परत फॉर्म भरला तर चालेल का? त्याच ट्रेडला परत घेत नाहीत, तसं सांगितलं त्याला.

त्याच आठवड्यात कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी द्यायच्या पैशातून, जवळच्या झेडपी शाळेत डिजिटल क्लासरूम झाली, मीही गेलो होतो. चांगलं काम आहे, पोरं खुश होती, त्याला मी नावं ठेवत नाही. पण घरी येताना तो लॉकरच डोळ्यासमोर येत होता.

तर प्रश्न असा की नफा कायदेशीर कमावला, टॅक्स भरला, वर सीएसआरचे २ टक्के दिले, म्हणजे कंपनीचं देणं फिटलं का? की त्या पोराचंही ती काही देणं लागते?

सीए_मिरज

दादा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी सुट्या करूया.

सीएसआर म्हणजे कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. नेट वर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्च करायचे. आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम त्यात धरता येत नाही. म्हणजे नफा झाल्यावर त्यातलं थोडं बाहेर द्या एवढंच हे कलम सांगतं. तो नफा कसा झाला याबद्दल ते काही बोलत नाही. मी ऑडिटला जातो तिथे बघतो ना, सीएसआरची फाइल वेगळ्या टेबलवर असते, परचेसची आणि एचआरची वेगळ्या, आणि ही टेबलं एकमेकांशी कधी बोलत नाहीत.

याच कायद्यात कलम १६६ आहे ते मात्र फारसं कोणी काढत नाही. डायरेक्टरने कोणाचं हित बघायचं तर कंपनी, तिचे कर्मचारी, शेअरहोल्डर, समाज आणि पर्यावरण, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे आपल्याकडे "फक्त शेअरहोल्डर" हे पुस्तकातसुद्धा नाही. आता त्यावरून कोणी कोर्टात जाऊन जिंकेल का तर ते अवघड आहे, पण दिशा कुठली ते कळतं.

आता तुमच्या पोराचं. अप्रेंटिस कायदा १९६१ प्रमाणे तो कामगार नाही हे बरोबर. अप्रेंटिस एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के घ्यायचे, तुमची कंपनी त्यात बसत असेल तर तो भाग ठीक. नोकरी द्यायचं बंधन नाही. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम २२ म्हणतं की ट्रेनिंग पूर्ण झालेल्या अप्रेंटिसना घेण्याबाबत प्रत्येक कंपनीने स्वतःची पॉलिसी करायचीच. त्यात काय लिहायचं ते कंपनीवर सोडलंय. एचआरला विचारा, आमची कलम २२ ची पॉलिसी दाखवा. तुमचा प्रश्न खरं तर तिथेच आहे, कायदा दारापर्यंत आणून सोडतो, पुढे आत घ्यायचं की नाही ते कंपनीचं मन.

सातपूरवाला

मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे, रागावू नका.

माझं सातपूरला युनिट आहे, अठरा माणसं. मोठ्या कंपन्यांना टर्निंगचे पार्ट देतो. दर वर्षी त्यांचा मेल येतो, कॉस्ट डाउन द्या. स्टील वाढलं, वीज वाढली, तरी रेट कमी करा. यात मी "कायद्याच्या वर" काय देऊ? दिलं तर शेजारचा गाळेवाला जो काहीच देत नाही तो माझी ऑर्डर घेऊन जाणार, मग माझी अठरा घरं कोण बघणार.

आणि तत्त्वाचं म्हणाल तर कंपनीचा पैसा हा मॅनेजरचा नसतो. एलआयसी, म्युच्युअल फंड, कोणाच्या तरी म्हातारपणाची पुंजी त्यात आहे. अमेरिकेतल्या मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये हेच मांडलं होतं, नियम पाळून, फसवणूक न करता नफा कमवा, समाजकार्य ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून करावं. लोक त्याला शिव्या देतात पण मला एक गोष्ट पटते, समाजाला काय हवं ते निवडून दिलेल्यांनी ठरवावं, मालकाने नाही. आज मालक शाळा देतो म्हणून बरं वाटतं, उद्या शाळेत काय शिकवायचं तेही तोच सांगेल.

आणि आधी कायदा तरी पाळा ना! २००६ पासून कायदा आहे की छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. मी आयुष्यात ते व्याज मागितलेलं नाही, मागितलं की व्हेंडर लिस्टमधून नाव गेलं. मग इन्कम टॅक्समध्ये बदल झाला की वेळेत पेमेंट नाही केलं तर त्या वर्षी तो खर्चच धरता येणार नाही, तेव्हा पहिल्यांदा मार्चमध्ये समोरून फोन आला की तुमचं किती बाकी आहे हो. म्हणून म्हणतो चांगुलपणा मागू नका, दात असलेला कायदा मागा.

लालबागची_लेक

सातपूरवाले दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण कायदा मागा म्हणता तो कायदा कसा हलतो ते आम्ही आमच्या खिडकीतून बघितलंय.

माझे बाबा मुंबईत कापड मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागावर. आधी कितीतरी वर्षं बदली. बदली म्हणजे काय ते आता सांगावं लागतं, रोज सकाळी भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. आई म्हणायची पायरीवर डबा वाजला की कळायचं आज भरलेलाच आलाय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यात बदलीवाल्यांना परमनंट करा ही मागणीपण होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मला सांगायचंय ते जमिनीचं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला. मिलची जागा विकसित करायची असेल तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. आम्हाला वाटलं चला, नोकरी गेली पण पोरांना मैदान तरी मिळेल. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, ज्यावर बांधकाम उभं होतं ती त्यातून बाहेर. आता मिलमध्ये मोकळी जमीन असते किती? शेड, गोडाऊन, चाळ, चिमणी, सगळं बांधकामच. हायकोर्टाने २००५ मध्ये त्या वाटणीविरुद्ध निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल परत उचलून धरला. झालं. त्यानंतर जे टॉवर आणि मॉल उभे राहिले ते कायदेशीरच आहेत, एक वीट बेकायदा नाही.

बाबांना शेवटपर्यंत हे समजावता आलं नाही मला. ते एवढंच विचारायचे, ही जागा मिलला सूत काढायला दिली होती ना, मग सूत बंद झाल्यावर ती मिलची कशी? मी कायद्याची भाषा सांगायचे, ते गप्प बसायचे.

म्हणून "कायद्यात बसतं" हे मला उत्तर वाटत नाही, कारण कायदा लिहिताना ज्यांचा आवाज पोचतो ते आणि गेटवर डबा घेऊन उभे असतात ते वेगळे असतात. चाकणचे दादा, तुमचा तो पोरगा आमच्या बाबांसारखा बदलीच आहे, फक्त आता हातात सर्टिफिकेट असतं.

वाडीकर

थोडं इतिहासाचं. आमच्या आजोबांची सगळी नोकरी किर्लोस्करवाडीला गेली. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याबरोबर गाव वसवलं, तेव्हा कुठला कायदा घरं बांधा म्हणत नव्हता. तिकडे जमशेदपूरला टाटांनी १९१२ ला आठ तासांची पाळी केली, त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या १९२२ च्या कारखाना कायद्यातसुद्धा आठवड्याचे ६० तास होते. म्हणजे कोणीतरी आधी करून दाखवलं की कायदा मागून येतो, असंही होतं. पण सातपूरवाल्यांचा मुद्दाही मला खोटा वाटत नाही, घर कंपनीचं असलं की नोकरीबरोबर घरही जातं ही धाकधूक आजीच्या बोलण्यात कायम असायची.

सातपूरवाला

ताई, डब्याचं वाचून थांबलो जरा. मालकाने ठरवू नये हे माझं मत कायम आहे, पण नियम बदलायला लॉबी करायची आणि मग नियमाकडे बोट दाखवायचं, याला मी धंदा म्हणत नाही. यात मी तुमच्या बाजूने. छोट्याला या वाटेवर ढकलणारा मोठाच असतो, तेव्हा "जास्तीचं देणं" मागायचंच असेल तर वरून सुरू करा.

प्रेसशॉप_चाकण

सगळ्यांचे आभार, दोनदोनदा वाचलं.

सीए साहेब, तुम्ही म्हणालात म्हणून एचआरला विचारलं. पॉलिसी आहे, एक ओळीची, जागा असल्यास विचार केला जाईल. मग मी प्लांट हेडकडे गेलो. त्यांना म्हटलं प्रत्येक नव्या बॅचचे पहिले दोन महिने माझ्या लाइनचं स्क्रॅप वाढतं, शिकवून तयार केलेला माणूस आपण बाहेर घालवतो आणि परत पहिल्यापासून. बॅचमधून स्किल मॅट्रिक्समध्ये (कोणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता) वर असलेल्या दोघांना तरी बाहेरच्याच्या आधी इंटरव्ह्यू द्या, एवढंच पॉलिसीत लिहा. ते नाही म्हणाले नाहीत, सोमवारपर्यंत आकडे घेऊन या म्हणाले. सातपूरवाले, तुम्ही नवा माणूस तयार करायचा खर्च कसा काढता, फक्त स्क्रॅप धरता की शिकवणाऱ्याचा वेळपण? मला मांडायला उपयोग होईल.

खरं सांगू, मला तिथे देणं हा शब्द वापरायचा होता, वापरला नाही, स्क्रॅप म्हटलं. पण माझ्या मनात देणंच आहे.

काल त्या पोराला फोन केला, लातूरला डाळमिलमध्ये गोण्या मोजायच्या कामाला लागलाय. अजून काहीच ठरलेलं नाही म्हणून आकड्यांचं काही बोललो नाही. ठेवताना त्यानेच विचारलं, सर त्या दोन नंबर प्रेसचा पंच बदलला का?