शब्दचर्चा : बैठक, मैफल, जलसा

प्रश्न

एका मैदानावर होणाऱ्या शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमाच्या फलकावर 'भव्य मैफल' असं वाचलं. हजारो खुर्च्या, दोन्ही बाजूंना मोठे पडदे आणि त्याला नाव मैफल! कानाला खटकलं. बैठक, मैफल, जलसा यांत नेमका फरक काय? मैफल भव्य असू शकते का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

'मैफल' हा मूळचा अरबी 'महफिल'. फारसीतून आपल्याकडे आला, अर्थ जमाव, मेळावा. 'जलसा'ही अरबी, पण त्याच्या धातूचा अर्थ बसणे. 'मजलिस' त्याच धातूची. म्हणजे व्युत्पत्तीनं पाहिलं तर जलसा आणि बैठक एकच!

मराठीत मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. विष्णु दिगंबर पलुसकर, अब्दुल करीम खाँ या गवयांच्या काळात तिकीट लावून होणारं जाहीर गाणं म्हणजे जलसा. सत्यशोधकी आणि पुढे आंबेडकरी चळवळीचे जलसे तर गावोगाव मोठ्या समुदायापुढे झाले. त्यामुळे 'भव्य' हे विशेषण जलशाला सहज शोभतं. बैठक दिवाणखान्यातच राहिली आणि मैफल या दोघांच्या मधे कुठेतरी.

प्रतिसाद २

वरच्या माहितीत भर घालतो. फरक कळायला क्रियापदं बघावीत. कार्यक्रम होतो, पार पडतो. मैफल जमते, रंगते, गवई ती मारतो. एकट्या गवयानं मैफल रंगत नाही, समोरच्यांनी दाद द्यावी लागते आणि ती गवयाच्या कानावर पडावी लागते.

लावणीवाल्यांनी तर यासाठी दोन नावंच ठेवली आहेत, फडाची लावणी आणि बैठकीची लावणी. फडावर नाच, ढोलकी, शिट्ट्या. बैठकीत गाणारी बसून गाते. एकच ओळ घेऊन ती पुन्हापुन्हा म्हणते, दर वेळी चेहरा वेगळा, हात वेगळा, अर्थ वेगळा. यमुनाबाई वाईकरांची अदाकारी ज्यांनी समोर बसून पाहिली ते आजही भुवईच्या एका हालचालीबद्दल बोलतात. शेवटच्या रांगेतून ती भुवई दिसणार कशी?

रागसंगीतातही तेच. तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा नाद), डग्ग्यावरची घसीट (तळहात घासून काढलेला आवाज), आलाप सुरू करण्याआधीचा श्वास, या गोष्टी खोलीत ऐकू येतात. मैदानावर ध्वनिक्षेपकवाला जे पाठवेल तेवढंच पोचतं. शिवाय आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत तीनताल चालू असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे मंचापासून ८५ मीटरवर बसलेल्याला हात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडलेला दिसतो आणि सम ऐकू येते एका मात्रेनं उशिरा. त्यानं 'क्या बात है' म्हटलं तरी ते गाणाऱ्यापर्यंत जात नाही, आणि डोळ्यांवर दिवे असल्यामुळे गाणाऱ्याला पुढच्या दोन रांगांपलीकडे चेहरेही दिसत नाहीत. मग तो फर्माईश कुणाची घेणार, आणि एखादी अनवट, क्वचित गायली जाणारी चीज कुणाकडे बघून काढणार? तो ठरलेलं गातो, वेळेत संपवतो. रसिक तिकीट हातात असूनही कुणाच्या घरच्या बैठकीकडे वळतात ते यामुळेच. तिथे राग कुठला येईल हे गवयालाही आधी माहीत नसतं.

गंमत म्हणजे मोठ्या महोत्सवांत जमिनीवरच्या जागेला आजही 'भारतीय बैठक' म्हणतात. हजारोंच्या मंडपातसुद्धा हा शब्द टिकला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रतिसाद ३

सगळं पटलं, पण एक बाजू राहतेय. बैठकीला आमंत्रण लागायचं. ज्याची ओळख नाही, ज्याच्या घरी गाणं नाही, तो दाराबाहेर. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. बाहेरगावाहून येऊन सतरंजीवर बसणाऱ्या कितीतरी लोकांना मोठा गवई पहिल्यांदा तिथेच ऐकायला मिळाला. तेव्हा 'मोठं' हा शब्द शिवीसारखा वापरू नये ही कळकळीची विनंती.

मिरजेत मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँच्या स्मृतीत गाणं होतं. तिथे गवई 'हजेरी लावायला' येतात. तो ना जलसा, ना खासगी बैठक. आवार सगळ्यांना खुलं, आणि ऐकणारा गाणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर. जागा खुली असून माणसं जवळ, हे जमू शकतं. माझ्या मते मैफल या शब्दाची खरी अट हे अंतर आहे, डोकी मोजून ती ठरत नाही. मैदानावरच्या कार्यक्रमाला 'संगीत महोत्सव' किंवा 'संगीत संमेलन' हे सरळ शब्द आहेत, तेच छापावेत.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. हाकेचं अंतर ही कसोटी आवडली, आयोजकांना तसं कळवतो. एक राहिलं : मैफल की मैफिल? आणि अनेकवचन?

प्रतिसाद १

दोन्ही रूपं चालतात. लेखनात 'मैफल' जास्त, बोलण्यात आणि गाण्यात 'मैफिल'ही भरपूर. शब्द स्त्रीलिंगी. अनेकवचन मैफली, सामान्यरूप मैफलीत, मैफलीला. 'जलसा' पुल्लिंगी, त्याचं जलसे, जलशाला. 'जलस्याला' असं काही ठिकाणी छापलेलं दिसतं, ते टाळावं.