देहधारण म्हणजे अवतारच काय?

प्रश्न (भुसावळ) : नाताळच्या उपासनेत ‘देहधारण’ (देवाने येशूच्या रूपाने मनुष्यदेह घेणे) हा शब्द ऐकला. तो दशावतारांसारखाच समजावा काय?

उत्तर (नवापूर) : अवतार युगायुगांत पुनःपुन्हा होतात, ख्रिस्ती श्रद्धेनुसार देहधारण मात्र एकदाच झाले, आणि इ.स. 451 च्या खाल्सेदोन येथील ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने ठरवल्याप्रमाणे येशू पूर्ण देव व पूर्ण मनुष्य असून हे दोन्ही स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणूनच गव्हाणीतले बाळ खरोखर भुकेले होते. ते सोंग नव्हे.

उत्तर (धुळे) : ‘शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ या देहधारणाविषयीच्या, योहानाच्या शुभवर्तमानातील वचनात ‘वस्ती केली’ यामागील ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘तंबू ठोकला’ असा आहे. माळावर पाल ठोकणारे आमच्याकडचे ठेलारी मेंढपाळ पाहिले की मला तो अर्थ अधिक पटतो.

प्रश्नकर्ता : मग पुनरुत्थानानंतरही, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठल्यावरही, तो देह टाकला जात नाही?

नवापूर : नाही, टाकला जात नाही; माझ्या मते अवतार आणि देहधारण यांतला खरा फरक तिथेच आहे.