मदत हवी आहे: साखळी एकच, मग पेशीचे निर्णय दोन कसे?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, एमएस्सी बायोटेकला आहे. सोमवारी सेमिनार आहे आणि गाडी एका जागी अडलीय.

उंदराच्या पीसी-१२ पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या) ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन दिलं की पेशीच्या आतलं ईआरके हे संदेशवाहक प्रथिन थोडाच वेळ चालू राहतं, पेशी वाढत, विभागत राहतात. एनजीएफ हे तसंच दुसरं प्रथिन दिलं तर तेच ईआरके तासन्‌तास चालू राहतं, विभाजन थांबतं आणि पेशींना चेतापेशींसारखे धागे फुटतात. ईआरकेपर्यंत संदेश पोचवणारी रास, रॅफ, मेक या प्रथिनांची साखळी मात्र दोन्हीकडे तीच!

आमच्याकडे जेकार्ड मागावर पंचकार्ड बदललं की चादरीची नक्षी बदलते, ते कळतं. इथे कार्ड कोणतं? वेळ मोजतं कोण? सी-फॉस हे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन टिकून राहण्याशी संबंध आहे, एवढं वाचलंय. पुढचं कुणी सोप्या मराठीत सांगेल का? सरांचं उत्तर ठरलेलं: "आधी वाचून या."