रोमन इतिहासकारांची सद्गुणाची कल्पना बदलत गेली का?

प्रश्न: सॅलस्ट, लिव्ही, टॅसिटस एकापाठोपाठ वाचतोय. तिघंही म्हणतात रोम बिघडलं, पण चांगला माणूस कुणाला म्हणायचं हे प्रत्येकाचं वेगळं वाटतंय, की माझाच घोळ होतोय?

उत्तर १: घोळ नाहीये. मूळ लॅटिन शब्द 'विर्तुस', तो 'विर' म्हणजे पुरुष यावरून आला, आपल्या 'वीर'चा सख्खा भाऊच, म्हणजे आधी रणांगणावरचं शौर्य. सॅलस्ट म्हणतो इ.स.पू. १४६ ला रोमचं शत्रू-शहर कार्थेज पडलं, शत्रूचा धाक गेला आणि सत्तेची नि पैशाची हाव सुटली. पण तोच सीझरचं औदार्य आणि त्याचा विरोधक असलेल्या केटोचा करारीपणा शेजारी ठेवतो आणि दोन्हीला विर्तुसच म्हणतो, मला हे फार आवडतं.

उत्तर २: लिव्हीला धडे द्यायचेत. त्याच्या पुस्तकातला जुन्या काळचा रोमन पुढारी सिनसिनाटस शेतात राबतोय, निरोप येतो तेव्हा बायकोला झोपडीतून टोगा (रोमन नागरिकाचं औपचारिक वस्त्र) आणायला सांगतो, धूळ-घाम पुसून तो अंगावर घेतो आणि मग कळतं की आपल्याला हुकूमशहा, म्हणजे संकटापुरता सर्वाधिकारी, नेमलंय.

उत्तर ३: टॅसिटसकडे मात्र मोकळं सिनेटच उरलं नव्हतं ना. त्याचे सासरे अ‍ॅग्रिकोला जुलमी सम्राट डोमिशियनच्या हाताखाली गाजावाजा न करता काम करत राहिले, आणि टॅसिटस ठामपणे म्हणतो की वाईट सम्राटाच्या राज्यातही माणूस थोर असू शकतो. स्वतःलाही सोडत नाही, डोमिशियनच्या रोषाला बळी पडलेल्या हेल्विडियस या सिनेटरला तुरुंगात नेणारे हात आमचेच, म्हणजे सिनेटर्सचेच, होते असं लिहितो. तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

प्रश्नकर्ता: हेल्विडियसचं वाक्य नजरेतून सुटलंच होतं, आज रात्री परत वाचतो.