होमस्कूलिंग : फसफसणारा ज्वालामुखी झाला, आता स्वयंपाकघरातल्या रसायनशास्त्रात पुढे काय?

अबोली११
मुलं ८ आणि ११ वर्षांची, दोघंही घरीच शिकतात. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी करून झाला. आता असं काहीतरी हवंय ज्यात मोजमाप असेल आणि वहीत आकडे लिहिता येतील. घरात १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचन काटा आहे. तीन ठिकाणी अडलंय :

१. हळदीच्या कागदावर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं तर लाल होत नाही, जेमतेम केशरी होतं. सोडा खराब आहे का?
२. चुन्याची निवळी केली, पण दुसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरली होती. फुंकर मारली तर फारसा फरक दिसला नाही.
३. ११ वर्षांच्या मुलासाठी वजन करून बघण्यासारखा एखादा प्रयोग सुचवाल का?

जास्वंद_आणि_लिंबू
सोडा चांगलाच आहे. हळदीचा रंग बदलायला सुरुवात होते सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा आम्लारी आहे ते सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन) साडेसातच्या आसपास आणि पूर्ण लाल व्हायला साधारण ८.६ च्या वर जावं लागतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू ८.३ च्या जवळपास, म्हणजे नेमका मधल्या पट्ट्यात. त्यामुळे केशरी हेच बरोबर उत्तर आहे. मुलांना "लाल म्हणजे आम्लारी, पिवळं म्हणजे आम्ल" एवढंच सांगितलं असेल तर गोंधळ होणारच, कारण हळद आम्लातही पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळी. लिंबू आणि पाणी यांत ती फरक करू शकत नाही. हे मुलांनाच शोधू द्या, आधी सांगू नका.

कागद नीट करायचे असतील तर हळद पाण्यात कालवू नका. तिचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, कण कागदावर ठिपक्यांसारखे बसतात. ३० मिली पातळ सॅनिटायझरमध्ये (जेल नको, कागद चिकट होतो) एक सपाट छोटा चमचा हळद, पाच मिनिटं ढवळून गाळा, कॉफी फिल्टर किंवा जाड टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. सॅनिटायझर पेट घेतो, त्यामुळे हे काम गॅसच्या ओट्यावर करायचं नाही.

मग ओळीने लावा : लिंबू, पाणी, खाण्याचा सोडा, अंगाचा साबण, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी. भांडी घासायचं लिक्विड बऱ्याचदा उदासीन असतं, त्याने लाल झालं नाही तर प्रयोग चुकलेला नाही. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं की ती परत पिवळी होते. वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो आणि खळबळल्यावर पुन्हा पिवळा, ते हेच.

आम्लाच्या बाजूला जास्वंद जास्त कामाची. लाल जास्वंदीच्या चार फुलांच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं. आम्लात झगझगीत गुलाबी, आम्लारीत हिरवी. आमसुलाचं पाणी सुंदर दिसतं, पण दर्शक म्हणून वापरू नका. ते स्वतःच इतकं आंबट असतं की घातलेला सोडा आधी त्या आंबटपणातच खर्च होतो, फेस येतो आणि रंग उशिरा बदलतो.

निवळशंख
वरची साय म्हणजेच प्रयोगाचं उत्तर आहे! हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळीत शिरून कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं, ती ही साय. भांडं उघडं राहिलं, म्हणून निवळीचा जोर गेला आणि फुंकर मारल्यावर काही दिसलं नाही.

पुन्हा करताना : पानात खायचा ओला चुना एक छोटा चमचा, अर्धा लिटर पाणी, बाटलीत घालून झाकण लावून हलवा, रात्रभर ठेवा. विरघळतो फार थोडा (लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम), उरलेला तळाशी बसतो आणि तो तसाच असू द्यायचा. सकाळी वरचं नितळ पाणी तळ न हलवता दुसऱ्या बाटलीत काढा, काठोकाठ भरा, बूच घट्ट. गढूळ आलं तर दोन कॉफी फिल्टरमधून गाळा. आधीच गढूळ असलेल्या निवळीत दुधाळपणा कसा दिसणार?

आता ५० मिली निवळी काचेच्या ग्लासात घ्या, मागे काळा कागद धरा. स्ट्रॉने फुंका. मिनिटाभरात दूध घातल्यासारखं होतं. फुंकत राहिलं तर काही वेळाने ते पुन्हा नितळ होऊ लागतं, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. एवढं फुंकून दम लागतो, म्हणून या भागासाठी निवळीत भरपूर पाणी घालून ती बरीच पातळ करा. शेवटी ते नितळ पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा, परत गढूळ. बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये आणि पाणी तापवायच्या भांड्यात क्षार चढतात, त्याचं कारण तिथल्या तिथे दिसतं.

दोन गोष्टी टाळायच्याच. पहिली, निवळी ओढली जाऊ नये. स्ट्रॉला तोंडापासून दोन बोटांवर सुईने भोक पाडा, ओढलं तरी हवाच येते. ८ वर्षांच्या मुलाच्या हाती स्ट्रॉ देऊच नका. दुसरी, डोळे. चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. चष्मा दोघांना हवा, फुंकणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही. गेलाच तर वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टरकडे. कळीचा चुना तर मुलांच्या प्रयोगात आणूच नये, पाणी लागताच तो उकळतो.

तोळामासा
वजनाचा प्रयोग विचारलात म्हणून एकच सांगतो, पण तो नीट करा. खाण्याचा सोडा भाजायचा.

स्टीलचं छोटं पातेलं रिकामं तोलून घ्या. त्यात बरोबर ५० ग्रॅम सोडा. मंद आचेवर स्टीलच्या चमच्याने सावकाश ढवळा. थोड्या वेळात कोरडी पावडर पाण्यासारखी हलायला लागते, तिच्यात बुडबुडे फुटतात. हे जवळून बघण्यासारखं आहे : द्रव काहीच नाही, आतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतोय आणि कण त्यावर तरंगताहेत. वर थंड ताटली क्षणभर धरली तर पाण्याचे थेंब जमतात. वीस मिनिटांनी गॅस बंद, पातेलं हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग तोला. पुन्हा दहा मिनिटं भाजा, पुन्हा तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की झालं.

हिशोब असा. १६८ ग्रॅम सोड्यातून १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो, १०६ ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो. म्हणजे ५० चे साडेएकतीस. तुमच्या काट्यावर ३१ किंवा ३२. मुलाला हा आकडा आधी सांगू नका, वजनं लिहून झाल्यावर हिशोब करू द्या.

कुठे चुकतं :
- ३६–३८ वर अडकलं : भाजणं अपुरं आहे, किंवा तळचा थर ढवळला गेला नाही.
- ३१ च्या खाली : जोरात ढवळल्याने पावडर उडाली.
- रात्रभर उघडं ठेवून सकाळी तोललं : हवेतला ओलावा धरून वजन वाढतं.
- तपकिरी झालं, करपल्याचा वास आला : डब्यात सोडा नसून बेकिंग पावडर होती, तिच्यात स्टार्च असतो.
- ॲल्युमिनियमचं पातेलं : नको. धुण्याचा सोडा ओला झाला की ॲल्युमिनियम खातो.

उरलेल्या पावडरचा पाव चमचा ५० मिली पाण्यात घालून वर सांगितलेल्या हळदीच्या पट्टीवर टाका. भाजण्याआधी केशरी, भाजल्यावर लालभडक. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या हातात येतं. ही पावडर परत सोड्याच्या डब्यात टाकायची नाही, बाटलीवर नाव लिहून वेगळी ठेवा.

ज्वालामुखीही आकड्यांत आणता येतो. लिटरच्या चार बाटल्या, प्रत्येकीत १०० मिली व्हिनेगर (४ टक्क्यांचं; टक्केवारी बाटलीवर असते). फुग्यांत २, ४, ६, ८ ग्रॅम सोडा भरून फुगे तोंडावर चढवा आणि उलटवा. एकदम उलटवलं तर फेस फुग्यात चढतो, थोडं थोडं झटका. फुग्याचा घेर दोऱ्याने मोजा. तिसरा आणि चौथा जवळपास सारखेच येतात, ४५ सेंटिमीटरच्या आसपास, कारण तेवढं व्हिनेगर ५.६ ग्रॅम सोड्यालाच पुरतं. मग फुगे काढून पहिल्या बाटलीत चिमूटभर सोडा टाका आणि चौथीत लिंबू पिळा. दोन्हीकडे फसफसेल. कुठे काय उरलं होतं, ते कळतं.

जास्वंद_आणि_लिंबू
८ वर्षांच्या मुलासाठी आयोडीन घ्या. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन (मलम नको, द्रावण), एका थेंबाला दहा थेंब पाणी. तांदळाची पेज, बटाट्याची फोड, पोहे, साखर, मीठ, बेकिंग पावडर, सोडा. स्टार्च असेल तिथे निळं-काळं. पेज गरम असेल तर रंग येत नाही किंवा येऊन जातो, गार झाली की परत दिसतो. निम्मे प्रयोग इथेच फसतात. पनीरमधली भेसळ बघायची तर तुकडा पाण्यात उकळून, पूर्ण गार करून मगच दोन थेंब. निळ्या झालेल्या पेजेत व्हिटॅमिन सीची गोळी चुरून टाकली की रंग उडतो. तपासलेलं काही खायचं नाही, वाट्या-चमचे प्रयोगाचे वेगळे ठेवा.

आणि ब्लीच, टॉयलेट क्लीनर या वस्तू "स्वयंपाकघरातल्या" यादीत धरू नका. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो.

अबोली११
सोडा भाजून झाला, ३२ ग्रॅम आले. हळदीची पट्टी लाल. पण फुग्यात घोळ आहे. ६ ग्रॅमची बाटली फुग्यासकट आधी आणि नंतर तोलली. काहीच बाहेर गेलं नाही, तरी वजन २ ग्रॅमने कमी. रबरबँड लावून पुन्हा केलं, तेवढंच कमी. गळती कुठून?

तोळामासा
गळती नाही. फुगा फुगल्यावर त्याने साधारण १.६ लिटर हवा बाजूला सारली. एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे हवेने फुग्याला १.९ ग्रॅमइतकं वर उचललं. काटा तेवढं कमी दाखवतो. पाण्यात बुडवलेली घागर हलकी लागते, तसंच.

पडताळा सोपा आहे. आता फुगा काढा, वायू जाऊ द्या, रिकामा फुगा परत चढवून तोला. उचलणारा जोर गेला, पण वायूही गेला, म्हणून सुरुवातीपेक्षा अडीच-तीन ग्रॅम कमी यायला हवेत. पूर्ण तीन येणार नाहीत, थोडा वायू पाण्यात विरघळलेला राहतो. तो काढायला बाटली बूच न लावता हलवा आणि पुन्हा तोला. १ ग्रॅमच्या काट्यावर हा शेवटचा फरक दिसणार नाही, त्यासाठी ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा लागेल. त्यावर २०० ग्रॅमच्या वर वजन बहुधा चालत नाही, म्हणून बाटली हलकी प्लास्टिकची घ्या.